फिरकीचा पहिला मोठा कलावंत : बाळू पालवणकर



'माझा आवडता खेळाडू' हा निबंध दिला की वह्यांमध्ये काय येतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. अर्ध्या वह्यांत विराट, उरलेल्यांत रोहित आणि धोनी, आणि एखादी वही सचिनची, तीसुद्धा बाबांनी सांगितलं म्हणून. आमच्या बोनकोड्यातही हेच. यात वाईट काही नाही. पण मुलांना एकदा विचारून बघा, भारतातला पहिला मोठा गोलंदाज कोण? उत्तर येत नाही. खरं सांगायचं तर शिक्षकांच्या खोलीतही येत नाही.

त्या माणसाचं नाव बाळू पालवणकर. जुन्या स्कोअरकार्डवर 'पी. बाळू' असं दिसतं. भारताचा संघ पहिला कसोटी सामना खेळला १९३२ मध्ये. त्याच्या २१ वर्षं आधी या माणसाने इंग्लंडच्या एका दौऱ्यात ११४ बळी घेतले होते. निबंधासाठी, भाषणासाठी किंवा रात्री झोपताना मुलांना सांगण्यासाठी त्यांची ही गोष्ट देते आहे. थोडी लांब आहे, आणि मधले काही भाग मुलांना सांगताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. ते भाग गाळू नका, एवढीच विनंती.

जन्म आणि घर

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणं मूळचं कोकणातल्या पालवण गावचं, म्हणून पालवणकर. जात चांभार. त्या काळात या एका शब्दाने माणसाचं सगळं ठरून जायचं. कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं, कुठल्या देवळाच्या बाहेर उभं राहायचं, कोणाच्या दारात कुठपर्यंत जायचं, सगळं. तेव्हा गावाबाहेर पडायची जी थोडी वाट होती ती लष्करातून जायची. बाळूंचे वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. (डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार होते, हे मुलांना माहीत असतं. तो धागा इथे जरूर जोडून द्या.)

पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी क्रिकेट खेळायचे. त्यांनी टाकून दिलेली बॅट, झिजलेला चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला लागले. शिकवणारा कोणी नाही. बघायचं आणि करून पाहायचं. आपली मुलं गल्लीत खेळतात तसंच हे. फरक इतकाच की ज्यांचा खेळ बघून ते शिकत होते, ते लोक राज्यकर्ते होते.

३ रुपये पगार

बाळूंना पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात. काम काय? खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पुना क्लबात आले. काम तेच, पगार थोडा जास्त.

इथे मी वर्गात थांबते आणि मुलांना एक प्रश्न विचारते. क्लबात कामाला असलेल्या माणसाला चेंडू टाकायला दिला, मग बॅट का नाही दिली? मुलं विचार करतात आणि बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतात. फलंदाजी म्हणजे साहेबांची मजा, आणि गोलंदाजी म्हणजे कष्टाचं काम. उन्हात तासन्‌तास धावत यायचं आणि टाकायचं, साहेब टोलवणार, चेंडू आणायला पुन्हा आपणच जायचं. जुन्या काळी खेळातली कामंसुद्धा अशी वाटलेली होती. बाळूंना त्या क्लबात जाळीत फलंदाजी करायला कधी मिळालीच नाही. हजारो चेंडू मात्र टाकायला मिळाले, आणि त्यांतूनच ते घडले.

क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक कॅप्टन होते. उंचीने लहान, पण तेव्हाच्या हिंदुस्थानातले सगळ्यांत चांगले इंग्रज फलंदाज असा त्यांचा लौकिक. ते सामन्याआधी येऊन तासभर बाळूंकडून सराव करून घ्यायचे. बाळूंनी त्यांना बाद केलं की ते दर वेळी ८ आणे द्यायचे असं सांगतात. ही गोष्ट ऐकीव आहे, तिच्यावर फार भार देऊ नका. पण खरी असेल तर हिशेब गमतीचा आहे. महिन्यात ६ वेळा साहेबाची दांडी उडवली की पहिल्या नोकरीतल्या एका महिन्याचा पगार सुटला! चौथीच्या मुलांना हे गणित फार आवडतं. त्यासाठी आणे म्हणजे काय, १६ आण्यांचा रुपया कसा, हे मात्र आधी सांगावं लागतं.

बाळू डावखुरे संथ गोलंदाज होते. ज्या पालकांना क्रिकेटमधलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. असा गोलंदाज वेगावर विकेट घेत नाही. तो चेंडूला बोटांनी पीळ देतो, हवेत थोडा वर ठेवतो, आणि टप्पा पडल्यावर चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर वळतो. फलंदाज पुढे येऊन मारायला जातो आणि चेंडू तिथे नसतोच. पुढे विनू मंकड आणि बिशनसिंग बेदी यांनी जी कला जगभर गाजवली, ती आपल्याकडे पहिल्यांदा एवढ्या उंचीवर नेली ती बाळूंनी.

मातीचा पेला

पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना इंग्रजांच्या क्लबाशी सामना खेळायचा होता. आणि ज्याच्या चेंडूवर इंग्रजांचा सगळ्यांत चांगला फलंदाज बाद होतो, तो माणूस त्याच गावात होता. त्याला घ्यायचं की नाही? संघात ब्राह्मण खेळाडू होते, त्यांच्यातल्या काहींनी नाक मुरडलं. वाद झाला. शेवटी इंग्रजांना हरवायची इच्छा जास्त मोठी ठरली आणि बाळूंना संघात घेतलं. यात कोणाचं मन बदललं होतं, असं मला वाटत नाही. गरज होती म्हणून घेतलं.

मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. बाळूंनी टाकलेला चेंडू झेलायचा, त्यांच्याकडे परत फेकायचा, त्यात विटाळ नव्हता. चहाची सुट्टी झाली की मात्र विटाळ परत यायचा. बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसून कपबशीतून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या पेल्यात चहा मिळायचा, पिऊन फेकून द्यायच्या पेल्यात. तोंड धुवायचं तर एका कोपऱ्यात जायचं आणि अस्पृश्य समाजातल्याच नोकराने वरून पाणी ओतायचं. जेवणही वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर.

हा भाग आपण मुलांना सांगताना पटकन उरकतो. 'त्या काळी लोक असं वागायचे' म्हणून पुढे जातो. मी एक करून पाहिलं. हा प्रसंग सांगून झाला की मुलांना फक्त विचारायचं, त्या पॅव्हेलियनमध्ये तुम्ही बसला असतात, हातात कपबशी असती, तर तुम्ही काय केलं असतं? उत्तर लगेच मागायचं नाही. सातवीच्या एका वर्गात बराच वेळ कोणी बोललं नव्हतं.

आता खेळाकडे येऊ. बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याच्या हिंदूंनी इंग्रजांना हरवलं. मग साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी सामना ठरला. तिथल्या लोकांना बाळूंची कीर्ती आधीच कळली होती. फिरकी चालू नये म्हणून त्यांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून ती अगदी गुळगुळीत करून ठेवली होती. बाळूंनी ७ बळी घेतले. ज्याने स्वतः वर्षानुवर्षं रोलर ओढला आहे, त्याला रोलर फिरवलेल्या खेळपट्टीचं काय कौतुक?

या विजयांनंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या खेळाडूंची कानउघाडणी केली. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला कसली हरकत, असा त्यांचा साधा मुद्दा होता. जाहीर समारंभात बाळूंच्या गळ्यात हार पडले, लोकमान्य टिळकांनीही त्यांचं कौतुक केलं.

मुंबई

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला आले. मरीन लाइन्सला समुद्रासमोर एका ओळीत जे जिमखाने दिसतात, त्यांतल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याची स्थापना १८९४ ची. त्या जिमखान्याकडून बाळू खेळायला लागले. इथेही सुरुवातीला कुरकुर झालीच. नोकरी रेल्वेत, आणि क्रिकेट सुट्टीत. पगार देणारं क्रिकेट तेव्हा नव्हतं.

तेव्हाच्या मुंबईत संघ धर्मावर बनायचे. आज हे ऐकायला विचित्र वाटतं, पण सगळ्यांत मोठी स्पर्धाच तशी होती. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून हिंदूंसह तिरंगी, १९१२ पासून मुसलमान संघ आल्यावर चौरंगी, आणि १९३७ पासून पंचरंगी. पारशी लोक सगळ्यांत आधी क्रिकेट शिकले, १८८६ मध्येच त्यांचा संघ इंग्लंडला जाऊन आला होता. हिंदू मागून आले.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंचा युरोपियनांशी सामना झाला. सामना कुठे? बॉम्बे जिमखान्यावर, जिथे हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ वर आटोपले. किती धावांनी जिंकले, ते मुलांना काढू द्या. उत्तर १०९. बाळूंनी पहिल्या डावात ३ आणि दुसऱ्यात ५, असे ८ बळी घेतले. शिवरामही संघात होते.

वंगभंगाच्या चळवळीचे दिवस होते ते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून देशभर आनंद झाला. पण काही विचारी लोकांना दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटली. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने तेव्हा लिहिलं ते या अर्थाचं होतं, की चांभार भावांना संघात घेणं आणि त्यांच्याबरोबर जेवणं ही जुन्या रूढीतून बाहेर पडण्याची पायरी आहे. पुण्यात बाहेर बसून चहा प्यावा लागलेला माणूस मुंबईत दहा वर्षांनी संघाबरोबर पंगतीत बसला होता. हा बदल आपोआप झाला नाही, दर सामन्यात बळी घेऊन तो मिळवावा लागला. आणि ज्याला बळी घेता येत नव्हते, त्या बाकीच्या समाजाचं काय? त्यांच्यासाठी मातीचे पेले तसेच होते.

इंग्लंड, १९११

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. त्यात पारशी, हिंदू आणि मुसलमान असे सगळे खेळाडू होते, आणि बाळू व शिवराम हे दोघे पालवणकर भाऊही. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. ते वर्ष पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचं, त्यामुळे महाराजांना मेजवान्यांतून सवड कमीच मिळाली.

संघ २३ सामने खेळला. १५ हरला, ६ जिंकला, २ अनिर्णित. म्हणजे दौरा काही यशस्वी म्हणता येणार नाही. पण एका माणसाने पडेल तिथे चेंडू टाकला. बाळूंचं वय तेव्हा ३५, थंड हवा, अनोळखी खेळपट्ट्या, आणि दौऱ्यात ११४ बळी, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लिस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन काउंटी संघांना हिंदी संघाने हरवलं. सॉमरसेटच्या सामन्यात शिवरामनी नाबाद शतक केलं आणि सामना एका गड्याने जिंकला.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभाचं मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने तयार केलं होतं असं सांगितलं जातं. विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांना बाळूंबद्दल तेव्हा फार अभिमान होता.

कर्णधारपद

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. एवढा मोठा खेळाडू, मग हिंदू संघाचा कर्णधार कधी झाला? कधीच नाही.

वर्षानुवर्षं ते संघातले सगळ्यांत अनुभवी खेळाडू होते. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा त्यांनी स्वतःच जाहीरपणे कबूल केलं, की हा मान बाळूंना मिळायला हवा होता. पैंचा मोठेपणा! पण निवड समितीला तो मोठेपणा जमला नाही. जातीने खालचा माणूस हुकूम देणार आणि वरचे लोक तो पाळणार, हे त्यांना पचण्यासारखं नव्हतं. गोलंदाजी करून घ्यायला हरकत नव्हती.

१९२० मध्ये हे सगळं उफाळून वर आलं. पै आजारी पडले, तर कर्णधारपद गेलं पुण्याचे तरुण दि. ब. देवधर यांच्याकडे, आणि बाळूंना संघातूनच वगळलं. देवधर पुढे फार मोठे खेळाडू झाले, हा दोष त्यांच्या माथी मारू नये. पण बाळूंचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी ठरवलं की आता बास. दोघांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीर केलं. आपल्याला जातीमुळे डावललं जातं, हे त्यांनी छापून येऊ दिलं. विचार करा, १९२० साली असं उघड म्हणायला किती धैर्य लागलं असेल!

त्याचा परिणाम झाला. अंतिम सामन्याला पै परत आले, तिघे भाऊ संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार केलं. सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ नेतृत्व बाळूंकडे राहिलं. बाळू तेव्हा ४४ वर्षांचे होते.

पुढे १९२३ मध्ये धाकटे विठ्ठल कर्णधार झाले. हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून मिरवलं. विठ्ठलनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठीत आत्मचरित्र लिहिलं. शाळेच्या ग्रंथालयासाठी मिळालं तर जरूर मिळवा.

निवडणूक

पुढचा भाग अवघड आहे, आणि पुष्कळ लेखांत तो नसतोच. मला वाटतं आठवीच्या पुढच्या मुलांना तो सांगायला हवा.

१९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांमध्ये पी. बाळू हे नाव आहे. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत होते, गांधीजी त्याविरुद्ध उपोषणाला बसले होते, आणि बाळू गांधीजींच्या बाजूचे होते. हिंदू समाजात राहूनच सुधारणा होईल असं त्यांना वाटायचं. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली, तीही बाळूंना पटली नाही.

मग १९३७ ची निवडणूक आली. मुंबई विधानसभेच्या राखीव जागेवर बाबासाहेब उभे, आणि काँग्रेसने त्यांच्यासमोर उभं केलं बाळूंना. ज्या माणसाचा सत्कार बाबासाहेबांनी तरुणपणी केला, तोच आता समोर! बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली आणि बाळूंना ११,२२५. बाबासाहेब जिंकले.

मुलं विचारतात, मग बाळू चुकीचे होते का? मी असं उत्तर देते. दोघांनाही एकच आजार दिसत होता, औषध वेगळं वाटत होतं. बाळूंच्या आयुष्यात काही दारं उघडली होती, मैदानावर का होईना त्यांना शेजारी जागा मिळाली होती, म्हणून त्यांना आशा वाटली असणार. बाबासाहेबांनी विचार केला तो अशी दारं कधीच न उघडलेल्या लाखो लोकांचा. माझं स्वतःचं मत विचाराल तर बाबासाहेबांची बाजू मला जास्त खरी वाटते. पण मत न पटलेल्या माणसाचा इतिहास पुसायचा नसतो, आणि बाळूंची मतं न पटणाऱ्या लोकांनीही त्यांच्या क्रिकेटचा मान ठेवला.

शिक्षकांसाठी भाषेबद्दल एक गोष्ट. हा पाठ सांगताना 'बाळू गेला, बाळूने टाकला' असं आपल्या तोंडी पटकन येतं, कारण नावच घरगुती आहे. पुना क्लबातले साहेबही त्यांना असंच बोलवत असणार. वर्गात मी आवर्जून 'बाळूंनी' म्हणते. मुलं आपोआप तसंच बोलायला लागतात.

त्यांच्या प्रथम श्रेणीच्या नोंदी सांगायच्या तर ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. आकडा आजच्या मानाने लहान दिसेल, कारण तेव्हा वर्षाला मोजकेच सामने व्हायचे. धर्मावर आधारलेली ती स्पर्धा १९४६ मध्ये बंद पडली, ते बाळूंनी पाहिलं. देश स्वतंत्र झालेला पाहिला, राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केलेली पाहिली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रेला क्रिकेटपटू होते आणि लोकप्रतिनिधीही होते.

त्याच वर्षी, त्यांच्या निधनाच्या महिनाभर आधी, १ जून १९५५ पासून अस्पृश्यता अपराध कायदा देशात लागू झाला. सार्वजनिक उपाहारगृहात ठेवलेली भांडी वापरायला एखाद्याला अस्पृश्य म्हणून मनाई करणं हा त्या दिवसापासून गुन्हा ठरला.